दादूसच्या नावाची पट्टी

३ जून

बोट वर घेतली. ताडपत्री बांधली. इंजिनातलं तेल काढलं. बोटीच्या वहीत शेवटची नोंद केली आणि वही पेटीत टाकली. आता दोन महिने मासेमारी बंदी. लिहिण्यासारखं काही नाही, पण हाताला सवय लागलीय. म्हणून मच्छीमार सोसायटीने दिवाळीत वाटलेली ही डायरी काढली. जानेवारी ते मे कोरी आहे. तशीच राहू दे.

दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ हरेश्वर. ‘केसर’चा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. बोटीला आमच्या आईचं नाव. माझ्याकडे जाळं, बर्फ, इंजिन आणि वही. बारावीपर्यंत शिकलो त्याचा एवढाच उपयोग झाला असं दादूस चारचौघांत सांगतो.

माझी बायको मैना करंजाला, आमच्या लेकीकडे, प्राप्तीकडे. प्राप्तीच्या बाळंतपणाला गेली होती. बाळ सहा महिन्यांचं झालं. मैनाला तिकडची हवा मानवते. मी कोकिळावहिनीकडे जेवतो. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे काही अडत नाही.

९ जून

सोसायटीची मीटिंग. यंदापासून चाळिशीवरच्या प्रत्येक तांडेलाने हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची. पट्टी चांगली नसेल तर बोटीवर तांडेल म्हणून नाव लागणार नाही. थळमधले निम्मे तांडेल ओरडायला लागले. एक म्हणाला, मासे खाणाऱ्याला कसला हार्टचा त्रास? दुसरा म्हणाला, मग गणराज काय घास-पाला खायचा?

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

गणराज आमच्याच बोटीवर होता. ऑक्टोबरात जाळं ओढताना खाली बसला आणि गेला. पंचेचाळीस वर्षांचा. किनारा गाठायला सहा तास लागले. मी त्याच्या बाजूला बसून आलो. त्या दिवसाची नोंद बोटीच्या वहीत आहे: वारा उत्तरेचा, पापलेट तीन टोपल्या, गणराज वारला. क्रमही असाच आहे.

त्यानंतर मला काही होत नाही. म्हणजे दुखत नाही, रडू येत नाही, भूकही लागते. मैना म्हणायची, अहो, तुम्ही समोर बसलेले असता पण घरात नसता. मी म्हटलं, मग कुठे असतो? ती पुढच्या आठवड्यात करंजाला गेली.

१५ जून

सोसायटीच्या हॉलमध्ये कॅम्प. अलिबागहून डॉक्टर आलेल्या, हेतल मॅडम. तरुण आहेत. आवाज मात्र लिलाव करणाऱ्या बाईसारखा. पुढच्या टेबलावर त्या स्वतः पोटाचा घेर मोजत होत्या, प्रेशर बघत होत्या, रक्त काढत होत्या. मागे पडद्याआड बाकडं आणि पट्टीचं मशीन. तिथे एक वेगळा माणूस, तोंड न बघता चिठ्ठीवरचं नाव लिहून घेणारा.

दादूसचं पोट चव्वेचाळीस इंच भरलं. मॅडम म्हणाल्या, “हे काय?” दादूस म्हणाला, “बंदीचं हाय. ऑगस्टात उतरंल.” मागची पंधरा वर्षं ते ऑगस्टात उतरतंय.

पडद्याजवळ आल्यावर त्याचा चेहरा उतरला. वादळात दोन दिवस सुकाणू धरून बसलेला माणूस, पण आतल्या त्या वायरी बघून मागे सरकला. चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. “कमल्या, तू झोप रं. तुझी सरल येईल. तुझ्या अंगावर हाय काय?”

मी झोपलो. छातीला, हातापायांना चिमटे लावले. थंडगार लागले. त्या माणसाने विचारलं, हरेश्वर? मी हो म्हटलं. तीन मिनिटांत झालं.

बाहेर आल्यावर दादूसने बिस्किटाचा पुडा फोडला. मलाही चार दिली.

२० जून

निकाल घ्यायला अलिबागला, मॅडमच्या दवाखान्यात. दादूस म्हणाला, सोबत चल. मी दाराजवळ उभा राहिलो.

आधी रक्त. उपाशीपोटी साखर दोनशे दहा, चरबी जास्त, प्रेशर जास्त. हे दादूसचं. मान डोलावून ऐकलं त्याने. मग मॅडमनी पट्टी काढली आणि बोटाने एक जागा दाखवली. हे माझं.

त्या म्हणाल्या, “पोटाचा घेर, साखर, प्रेशर, रक्तातली चरबी. ही सगळी एकत्र आली की नुसत्या नळ्या खराब होतात असं नाही. हृदयाच्या करंटवरही परिणाम होतो. एक ठोका पडला की पुढच्यासाठी तयार व्हायला हृदयाला थोडा वेळ लागतो. तुमचा तो वेळ लांबलाय. पुरुषाला साडेचारशे मिलिसेकंदांपर्यंत ठीक. तुमचा चारशे शहाऐंशी. पाचशेला आम्ही घाबरतो.”

दादूसने विचारलं, “घाबरता म्हंजे?”

“त्या मधल्या वेळात भलताच ठोका पडला तर ताल बिघडतो. माणूस उभ्या उभ्या पडतो. आधी दुखेलच असं नाही.”

दादूसने मागे वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता हसेल आणि सांगून टाकेल. सांगितलं नाही. मॅडमना म्हणाला, “मंग कराचा काय?”

साखरेची आणि प्रेशरची गोळी, आणि रोज चालायचं. भात निम्मा, खारवलेलं बंद, बिस्किटं बंद. कुठल्याही दुकानातून मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत, काही गोळ्यांनी हा वेळ आणखी लांबतो. महिन्याने परत पट्टी. तोपर्यंत तांडेलकी बंद. काय खाल्लं, किती चाललं ते रोज लिहायचं.

दादूस म्हणाला, “लिवाला हा हाय.” मग एकदम म्हणाला, “मॅडम, ह्याचं पन रगत काढा. येकटा सुया खाऊ काय मी?”

माझंही काढलं. पोटही मोजलं, अडतीस. हातपाय काटक्यांसारखे आणि मधे एवढंसं पोट, मला कधी ते पोट वाटलं नव्हतं.

माझ्याविषयी बोलणं चाललं होतं हे मला कळत होतं. त्याचं काही वाटलं नाही. परत येताना रिक्षात मी समुद्राकडे बघत होतो आणि दादूस माझ्याकडे.

२२ जून

माझे आकडे आले. साखर एकशे अठरा, चरबी दोनशे साठ, प्रेशरही वर. मॅडमनी फोनवर सांगितलं, तुम्ही दोघं भाऊ एकाच वाटेवर आहात, तुम्ही थोडे मागे एवढंच. मलाही प्रेशरची गोळी सुरू केली. दादूस रोज सकाळी समोर बसून मला ती गिळायला लावतो, जीभ बाहेर काढून दाखवायला सांगतो. मला बेचाळीस वर्षं पूर्ण झालीत.

बाकी दादूस पार बदललाय. ती पट्टी त्याचीच असल्यासारखा वागतो. माणूस घाबरला की काहीही खरं मानतो. मी एकदा म्हटलं, “दादूस, ती पट्टी...” तो म्हणाला, “नाव कुनाचं हाय वर? गप भाकर खा.”

चाललो: कोळीवाडा ते नवगावच्या फाट्याची मोरी आणि परत. जेवण: अर्धी भाकर, ताजे मासे नाहीत म्हणून अंडी, पडवळ. पडवळ वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा केलं असावं.

२५ जून

चाललो. दादूस पुढे, मी मागे. वाटेत जो भेटेल तो म्हणतो, काय तांडेल, पोट कुठे घेऊन चाललात? दादूस म्हणतो, विकाला. मोठ्याने हसतात. मोरीवर पोचल्यावर मला विचारतो, छातीत काही होतं काय तुला, गरगरतं काय? मी म्हणतो, पट्टी तुझी ना, तुलाच व्हायला पाहिजे. तो म्हणतो, इचारलं ते सांग.

घरात शिरलो तेव्हा वहिनी फोनवर बोलत होती. मला बघून म्हणाली, “ठेवते गं,” आणि ठेवला. कोण विचारलं तर म्हणाली, सिलिंडरवाला. सिलिंडरवाल्याला गं म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

२ जुलै

चाललो. मोरीवर पोचताच दादूस खाली बसला. कठड्याला टेकून. पावसाची भुरभुर होती, पण त्याचा घाम वेगळा दिसत होता, गार. म्हणाला अ‍ॅसिडिटी. जबडा दुखतो म्हणाला, दाढ असेल. छातीत काही नाही. समोरच्या टपरीवरून सोडा आणून दिला. अर्धा प्यायला, ओकला. अर्धा तास बसलो. मग हळूहळू आलो.

मी म्हटलं, उद्या सुट्टी घे.

म्हणाला, “मी सुट्टी घेतली तं तू जाशील काय येकटा?”

मी म्हटलं, नाही.

म्हणाला, “मंग.”

जेवण: दादूसने काही नाही. मी: एक भाकर, मुगाची आमटी.

३ जुलै

चाललो. दादूस मागे, मी पुढे.

११ जुलै

मधले दिवस तेच. चाललो, खाल्लं, गोळी, जीभ.

दादूसला आता फाट्यापर्यंत चाळीस मिनिटं लागतात. आधी वीस लागायची. मी म्हटलं, वजन उतरतंय म्हणतोस आणि चालतोस गोगलगाईसारखा? म्हणाला, चप्पल घट्ट झाली. खरंच घट्ट होती, पायावर वळ उठला होता. त्याला लागत नव्हती. साखरेमुळे पाय बधिर झालेत, म्हणतो. वहिनी सांगत होती, आताशा दोन उश्या घेऊन निजतो. आडवा झाला की खोकला येतो.

पावसाळा आहे. सगळ्यांनाच खोकला आहे.

१८ जुलै

जाळी शिवली. बोटीवर जाऊन इंजिन फिरवून बघितलं. चौदा दिवसांनी बंदी उठेल. दादूसची तांडेलकी बंद असेल तर बोट मी नेणार. कोणीतरी नेलीच पाहिजे.

दादूसला म्हटलं. तो जाळ्यावरून उठला. “बोट जानार न्हाय.”

“का?”

“मी सांगतो म्हनून.”

“तू आजारी पडलास म्हणून मी घरी बसू? पट्टी लागेल तर कोणाला तरी झोपवीन माझ्या जागी. तूच शिकवलंस.”

त्याने हातातली सुई फेकली. मला म्हणाला, गाढवा. म्हणाला, तुला काय वाटतंच न्हाय काय रे कशाचं? मी म्हटलं, नाही वाटत. हेच मैनाला सांगितलं, हेच तुला सांगतो. नाही वाटत. मी काय करू?

एवढं बोलेपर्यंत माझा आवाज चढला होता. ऑक्टोबरपासून कोणावर ओरडलो नव्हतो. दादूस ओरडला नाही परत. खाली वाकून सुई शोधायला लागला. बराच वेळ वाकून राहिला, मग धापा टाकत उठला. सुई मीच शोधून दिली.

२८ जुलै

आज सगळं लिहून काढतो. मॅडम म्हणाल्या, जसं झालं तसं लिहा.

सोसायटीच्या हॉलमध्ये परत कॅम्प. चालण्याचा हिशेब दाखवायला ही डायरी बरोबर घेतली होती. पडद्याजवळ आल्यावर दादूसने चिठ्ठी परत माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, “आता तरी तू झोप. तुला मॅडमनी बोलावलंय.”

तो म्हणाला, “मी झोपून काय कलनार? तुझी सुधारली काय ते बघाचं हाय.”

मी तिथेच उभा राहिलो. मागचे लोक म्हणायला लागले, सरका पुढे. तो काहीच विसरला नव्हता. पाच आठवडे पडवळ खाल्लं, रोज जीभ बघितली, तांडेलकी सोडली, गावभर हसं करून घेतलं, सगळं माझ्यासाठी. मी एकटा डॉक्टरकडे जाणार नाही, एकटा चालणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि खरंच गेलो नसतो.

मी म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय केलं असतंस? खांदं उडवलं असतंस.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “गनराजला आनला तसा तुला आनाचा नव्हता मना.”

मी पडदा सोडला आणि सरळ मॅडमच्या टेबलाशी गेलो. ती पट्टी माझी आहे म्हणून सांगितलं. सगळा हॉल ऐकत होता. मॅडम उठून उभ्या राहिल्या. “तुम्ही दोघं शाळेत आहात का? मी महिनाभर कोणावर उपचार करतेय?” मग म्हणाल्या, “म्हणजे ह्यांची पट्टी काढलीच नाही कोणी?”

हे मला सुचलंच नव्हतं.

आधी माझी काढली, माझ्या नावाने. चारशे बावन्न. मॅडम म्हणाल्या, चाललेलं कामी आलं. दादूस हसला, दसऱ्याला हसतो तसा.

मग तो झोपला. घाबरला होता, डोळे मिटून घेतले. मी त्याच्या पायाशी उभा राहून अंगठा धरला. म्हटलं, मी आहे इथे. तो म्हणाला, “कुठं हाय? हात तं धर.” मी कधीचा अंगठा धरून उभा होतो. त्याला कळलं नव्हतं.

पट्टी बाहेर आली. तो मशीनवाला पहिल्यांदाच नावावरून नजर काढून माणसाकडे बघायला लागला. मॅडमना हाक मारली. मॅडमनी पट्टी उजेडात धरली आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला.

“हरेश्वर काका, तुम्हाला झटका येऊन गेलाय. जुना. काही आठवडे झाले असावेत. छातीत दुखलं होतं कधी?”

“न्हाय. कवाच न्हाय.”

“साखरवाल्यांना कधी कधी नाही दुखत. घाम? उलटी? जबडा, हात, काही? आठवून सांगा.”

दादूस आठवायला लागला. मी डायरी उघडली. मला पान शोधावं लागलं नाही, बोट आपोआप तिथे गेलं. मी वाचून दाखवलं. दोन जुलै. पावसाची भुरभुर. घाम वेगळा, गार. जबडा. सोडा. अर्धा तास बसलो. मग हळूहळू आलो.

पुढचंही वाचलं, मी सुट्टी घेतली तर तू जाशील काय एकटा. तिथे थांबलो. मॅडमनी डायरी हातातून घेतली आणि स्वतः वाचली. चप्पल, वळ, दोन उश्या, खोकला. सगळं माझ्याच अक्षरात होतं. तारखेसकट.

सोसायटीच्या गाडीतून अलिबागला. तिथून अ‍ॅम्ब्युलन्सने पनवेल.

३० जुलै

पनवेल. दादूसच्या दोन नळ्या बंद होत्या. एक उघडली, जाळी बसवली. दुसरीचं पुढे बघू म्हणतात. हृदयाचा जो भाग मेलाय तो परत येणार नाही. पंप पस्तीस टक्के. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता समुद्रावर कधीच नाही.

मी विचारलं, त्या दिवशी आणलं असतं तर? ते म्हणाले, तर बराच भाग वाचला असता. चांगला माणूस आहे, खोटं बोलला नाही.

जिन्यात बसून रडलो. मोठ्याने. एक वॉर्डबॉय पाणी घेऊन आला. आधी दादूससाठी रडलो, मग गणराजसाठी. त्याचे पाय त्या दिवशी माझ्या मांडीवर होते, हे मी कुठे लिहिलं नव्हतं. आत्ता लिहितो.

१ ऑगस्ट

बंदी उठली. बोटी गेल्या असतील. ‘केसर’ वरच आहे.

दुपारी मैना आली. करंजाहून उरण, तिथून एसटीने पनवेल. वहिनी पाच आठवडे फोनवर तिच्याशीच बोलत होती. मला वाटलं मैना काही विचारेल. तिने माझं तोंड बघितलं, डोळे सुजले होते ते बघितले आणि डबा उघडला. म्हणाली, “पडवळ आहे. तुम्हाला आवडायला लागलंय म्हणे.”

मी म्हटलं, नाही आवडत. ती हसली. मग मीही. मग परत रडू आलं, तिच्यासमोर.

६ ऑगस्ट

दादूस अजून पनवेललाच. वहिनी तिथे, मैना आणि मी घरी.

सकाळी एकटा निघालो. मैना दारात उभी राहून बघत होती. मोरीपर्यंत गेलो. कठड्यावर त्याच जागी बसलो. टपरीवाल्याने विचारलं, तांडेल कसे आहेत? मी म्हटलं, आहेत.

दादूसला फोन लावला. आवाज बारीक लागला.

“कुठं हाय?”

“मोरीवर.”

“येकटा?”

“एकटा.”

मग म्हणाला, “किती येल लागला?”

“वीस मिनिटं.”

“हलू चालतंस. उद्या सतरात ये.”